नकाशा लागतो कुणाला?

मागच्या थंडीत राजमाचीवरून उतरलो आणि कामशेतला मिसळ खायला बसलो. पाचजण होतो, सगळ्यांचे पाय बोलत होते, अशा वेळी माणसानं गप खावं की नाही, पण आमच्यातल्या एकानं फोन काढला आणि एक फोटो सगळ्यांपुढं फिरवला. अठराव्या शतकातला हातानं काढलेला लष्करी नकाशा, कुठल्याशा इंग्रज इंजिनिअरचा, तटबंदी लाल, पाणी निळसर, डोंगर ब्रशनं छाया देऊन उठवलेले, कोपऱ्यात स्केलची पट्टी आणि उत्तरेचा बाण. "बघा, हे होतं त्यांच्याकडं," म्हणाला, "आणि आपण? घोड्यावर बसायचं आणि हाणायचं. म्हणून हरलो." झालं! समोरचा उसळला की आपल्याकडं सगळं होतं, रानातली वाट न् वाट आपल्या माणसांना पाठ होती, इंग्रजांनी त्यांच्याकडूनच काढून घेतलं आणि वर स्वतःचं नाव टाकलं. पाऊण तास चाललं हे. रस्सा दोनदा मागवला, पाव तीनदा, आणि उठताना दोघंही जिथं होते तिथंच होते.

हा वाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता दोन्हीकडची वाक्यं पाठ झालीत. आणि मला वाटतं दोघंही एकच चूक करतात, दोघंही नकाशाला मार्कशीट समजतात. एकाला वाटतं आपण नापास, दुसऱ्याला वाटतं आपला पेपर चोरला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं भांडायला बरं पडेल. अठराव्या शतकातल्या वसाहतींच्या लढाया नकाशामुळं फारशा जिंकल्या गेल्या नाहीत, कित्येक तर धड नकाशा नसतानाच जिंकल्या गेल्या. नकाशा खरा कामाला लागला तो तोफा थंड झाल्यावर, आणि त्याहीपेक्षा, ज्याला मुलूख पाठ होता तो माणूस मेल्यावर. आपण मार खाल्ला तो तिथं.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधी घेतो, तो टाळून पुढं जाणं लबाडी होईल. विजयदुर्ग. इंग्रज त्याला घेरिया म्हणायचे. तुळाजी आंग्र्यांचा किल्ला, समुद्रावरून कुणाला घेता येत नाही असा दरारा, आणि हा दरारा मुंबईपासून सगळ्या किनाऱ्यावर पसरलेला. १७५५च्या डिसेंबरात मुंबईकर इंग्रजांनी कमोडोर जेम्सला तिथं पाठवलं, लढायला नाही, नुसतं बघायला. तो गेला, पाण्याची खोली मोजली, तट किती उंच, जहाज किती जवळ नेता येतं हे पाहिलं आणि परत येऊन कळवलं की ऐकलं होतं त्यापेक्षा ही जागा फारच वेगळी निघाली, मोठी जहाजंसुद्धा तोफेच्या सरळ माऱ्यात नेता येतील. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराचा वॉटसन आणि फौजेचा क्लाइव्ह तिथं पोचले आणि दोन दिवसांत आंग्र्यांचं आरमार जळून किल्ला गेला. यातलं सगळ्यात बोचणारं म्हणजे हे पेशव्यांचे दोस्त म्हणून आले होते, जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज उभी होती, आणि नंतर ठरल्याप्रमाणं किल्ला द्यायलाही इंग्रजांनी टाळाटाळ केली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या दराऱ्याला एका माणसानं शिशाचं वजन बांधलेली दोरी लावली आणि तो दरारा उथळ निघाला. मोजण्यात ताकद असते, हे मान्य. मी नाही म्हणतच नाही.

पण नीट बघा, इथं काम कशानं झालं? कुठल्या जुन्या संग्रहातल्या सुबक नकाशानं नाही, दोन-अडीच महिन्यांपूर्वी स्वतः जाऊन पाहून आलेल्या माणसानं. ही टेहळणी झाली, आणि टेहळणी आपल्याला शिकवायला विलायतेतून कुणी यायची गरज नव्हती. तिथल्या खाडीत पाणी किती हे आंग्र्यांच्या कुठल्याही तांडेलानं झोपेत सांगितलं असतं. नवी गोष्ट एवढीच की जेम्सनं पाहिलेलं, जो वॉटसन स्वतः तिथं कधी गेला नव्हता, त्याच्या हातात जसंच्या तसं पडलं. हा धागा लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे तो.

दुसराही मुद्दा कबूल करून टाकतो. प्रमाणात मोजून, एक इंच म्हणजे इतके मैल असा काढलेला नकाशा आपल्याकडं रूढ नव्हता. मोडीत लिहिलेले जे थोडे नकाशे उरलेत त्यांत किल्ला समोरून दिसतो तसा उभा काढलेला, डोंगर आडवे पसरलेले, देऊळ गावापेक्षा मोठं, आणि अक्षरं फिरवत फिरवत वाचायची. त्याच्या जोडीला मुक्कामांच्या याद्या, अमक्यापासून तमकं इतके कोस, पाणी आहे, चारा नाही. आता कोसाचं म्हणाल तर दर मुलखाचा कोस वेगळा. त्यामुळं "आपले नकाशे त्यांच्याइतकेच अचूक होते" असं जो म्हणतो तो आपल्याच बाजूचं नुकसान करतो, कारण समोरच्यानं एक कागद पुढं ठेवला की विषय संपला.

मग त्यांचे नकाशे तरी काय होते? मी बरेच स्कॅन झूम करकरून पाहिलेत, ट्रेकची खोड असली की हे आपोआप होतं, आणि एकदा जवळून बघायला लागलं की "अचूक" हा शब्द हळूहळू गळून पडतो. इंजिनिअरांचे काही रंग ठरलेले होते, दगडी बांधकाम लाल, आणि जे अजून बांधलेलंच नाही, बांधायचा विचार आहे, ते पिवळं. म्हणजे त्या कागदावर खरं आणि मनातलं शेजारी शेजारी बसलेलं असतं. फौजेच्या तुकड्या म्हणजे छोटे छोटे रंगीत आयत, ए बी सी अशी अक्षरं, बाजूला त्यांचा खुलासा. काही कागदांवर बारीक टाचणीची भोकं दिसतात, नक्कल करताना खाली दुसरा कागद ठेवून महत्त्वाचे बिंदू टोचायचे आणि मग भोकं जोडत जायचं, तेव्हाची झेरॉक्स म्हणा. घड्यांच्या जागी शाई उडालेली. आणि रस्ता सोडून दोन-चार मैल बाजूला गेलात की काहीच नाही, कोरा कागद, किंवा अंदाजानं उठवलेले डोंगर, कारण सर्व्हे करणारा फौजेबरोबर रस्त्यानंच चाललेला असायचा, चाक ढकलत अंतर मोजायचं, होकायंत्रानं दिशा घ्यायची, जमलं तर सूर्यावरून अक्षांश. मुलूख नाही, मुलखातून गेलेली एक सुतळी त्या कागदावर असते. विल्यम रॉयनं स्कॉटलंडचा मोठा लष्करी नकाशा केला, १७४७ ते १७५५, त्याबद्दल पुढं त्यानं स्वतःच कबूल केलं की हे एक भव्य लष्करी रेखाचित्र म्हणावं, फार अचूक नकाशा म्हणू नये. काढणारा असं म्हणतो आणि आपण कामशेतला बसून त्याच्या अचूकपणावर शपथा घेतो!

बरं, अचूक असता तरी काय झालं असतं? उत्तर अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. जुलै १७५४ मध्ये फोर्ट नेसेसिटीला, तेव्हा इंग्रजांकडून लढणाऱ्या तरुण वॉशिंग्टननं फ्रेंचांपुढं शरणागती पत्करली, आणि ओलीस म्हणून दोन अधिकारी फ्रेंचांच्या हवाली केले, त्यातला एक रॉबर्ट स्टोबो. त्याला फ्रेंचांनी त्यांच्या फोर्ट ड्युकेनवर ठेवलं, आजचं पिट्सबर्ग. हा पठ्ठ्या कैदेत बसून गुपचूप त्या किल्ल्याचा नकाशा काढतो, आत किती माणसं, पहारे कसे, हल्ला कसा करावा, सगळं पत्रात लिहितो, आणि स्थानिक डेलावेअर लोकांच्या हातून ते बाहेर पाठवतो. पकडलं गेलं तर मान जाणार हे माहीत असून. नकाशा पोचला, इंग्रज सेनापती ब्रॅडॉककडं गेला. पुढच्या वर्षी ब्रॅडॉक मोठी फौज, तोफा, सगळा लवाजमा घेऊन निघाला, खिशात त्या किल्ल्याचा आतल्या माणसानं काढलेला नकाशा, याहून चांगलं काय हवं? ९ जुलै १७५५ला मोनोंगहेला नदीपाशी, किल्ला काही मैलांवर असताना, झाडीतून फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूळनिवासी योद्ध्यांनी फौज भाजून काढली. निम्म्याहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, ब्रॅडॉक जखमा होऊन मेला. त्याचं सामान फ्रेंचांच्या हाती लागलं आणि त्यात काय सापडलं? स्टोबोची कागदपत्रं. बिचाऱ्यावर माँट्रियलला खटला, डोकं उडवायची शिक्षा. ती अमलात आली नाही आणि तो पुढं पळून जाऊन क्वेबेकच्या मोहिमेत इंग्रजांना येऊन मिळाला, ते सोडा. मुद्दा असा की किल्ल्याचा खंदक कागदावर होता, झाडीत दबलेली माणसं नव्हती.

आणि यातली खरी गंमत पुढं आहे. ब्रॅडॉकचा इंजिनिअर पॅट्रिक मकेलर त्या कत्तलीतून जगला, आणि त्यानं मग लढाईचे नकाशे काढले, कोण कुठं उभं होतं, गोळी कुठून आली, फार नीटनेटके. पराभव झाल्यावर त्याचं चित्र सुरेख येतं. आपल्यापुढं संग्रहांमधून येणारे लढायांचे किती नकाशे असे नंतर काढलेले असतात याचा हिशोब कुणी ठेवतो का? आपण ते बघतो आणि समजतो की सेनापतीच्या टेबलावर हेच पसरलेलं होतं.

"ते फ्रेंच आणि इंग्रज आपसात, दोघांकडंही नकाशे," असं कुणी म्हणेल. ठीक आहे, मग अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध घ्या. तिसरा जॉर्ज हा नकाशांचा नादिष्ट राजा, त्यानं जमवलेले हजारो नकाशे आजही आहेत, लष्करी नकाशे तर वेगळे ठेवलेले. अमेरिका घालवली ती याच राजाच्या कारकिर्दीत. आणि समोर वॉशिंग्टन, जो तरुणपणी पोटासाठी जमीनमोजणी करायचा, त्यानं जानेवारी १७७७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसला कळवलं होतं की मुलखाचे बरे नकाशे नसल्यानं फार अडचण होतेय, स्वतः पाहून काढलेल्या कच्च्या स्केचवर भागवतोय. त्यानंतर कुठं रॉबर्ट अर्स्किनला नेमून नकाशांचं खातं उभं राहिलं. नकाशे असलेला हरला, शोधत असलेला जिंकला. यावरून नकाशे ठेवू नयेत असा निष्कर्ष काढायचा का? नाही ना? मग उलटा निष्कर्ष आपल्याबाबतीत इतक्या सहज कसा काढता?

ज्या कामशेतला बसून हा वाद चालला होता तिथून गाडीनं पंधरावीस मिनिटांवर वडगाव आहे. १७७८च्या शेवटी मुंबईकर इंग्रज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढले, चार हजाराच्या आसपास फौज आणि तब्बल एकोणीस हजार बैल. चाल कासवाची. घाट चढल्यावर पुढं काय आहे याची त्यांना काय कल्पना होती? कॅप्टन स्टुअर्ट, आपला इष्टुर फाकडा, ४ जानेवारी १७७९ला कार्ल्याजवळ मेला, आणि आपल्याकडं सांगतात ते असं की मराठ्यांची फौज बघायला तो झाडावर चढला होता आणि तिथंच गोळा लागला. खरं-खोटं त्या झाडाला माहीत, पण गोष्ट बरोबर जागी बोट ठेवते, पुढचं बघायला कंपनीच्या उमद्या अधिकाऱ्याला झाडावर चढावं लागतं. तळेगावला पोचले तर गाव जळालेलं, दाणा नाही, चारा नाही. रात्री तोफा तळ्यात ढकलून मागं फिरले, वडगावला महादजी शिंद्यांनी कोंडलं, आणि तह. इथं नकाशा कुणाकडंच नव्हता, पण एकाला नकाशाची गरजच नव्हती.

आणि इथं माझा मित्र म्हणेल, बरोबर म्हणेल, की गॉडर्डचं काय? त्याच सुमारास कंपनीचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनं कलकत्त्यात बसून ठरवलं की फौज यमुनेपासून थेट पश्चिम किनाऱ्यावर पाठवायची, मधला सगळा मुलूख परका. मे १७७८ला काल्पीहून निघाले, पहिला सेनापती लेस्ली वाटेत मेला, मग गॉडर्ड, नर्मदा ओलांडून बऱ्हाणपूर, तिथं वडगावची बातमी, आणि तिथून झपाट्यानं निघून फेब्रुवारी संपता संपता सुरत. अर्धा हिंदुस्थान तुडवला. ही धमक कागदामुळंच आली ना? थोडी आली. अंतराचा अंदाज असल्याशिवाय असला हुकूम कुणी काढत नाही. पण फौज जगली ती भोपाळच्या नवाबानं साथ दिली म्हणून. आणि ती ज्या वाटेनं गेली ती वाट मोजली गेली, पुढच्या नकाशांत घातली गेली. म्हणजे आधी फौज गेली आणि मग नकाशा भरला, हा क्रम बघा.

नकाशावाल्यांना माझा आवडता प्रश्न हा की १७९१च्या मे महिन्यात टिपूवर चालून गेलेल्या गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसकडं काय कमी होतं? श्रीरंगपट्टणपर्यंत जाऊन पोचलेला, लढाई जिंकलेला, सर्व्हेअर बरोबर, पण दाणा संपला, जनावरं मेली, शेवटी मोठ्या तोफा स्वतःच्या हातानं फोडून मागं फिरायची वेळ आली. परतीच्या पहिल्याच दिवशी समोरून घोडेस्वार आले, टिपूचेच समजून गोळ्या घालायची तयारी, आणि ते निघाले मराठे! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन सबंध फौज आणि बाजार घेऊन जवळच आलेले, आणि कॉर्नवॉलिसला पत्ता नाही, कारण टिपूच्या हलक्या घोडदळानं मधले सगळे जासूद कापून काढले होते. पुढं इंग्रज फौजेचं पोट भरलं ते मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारातून दाणागोटा विकत घेऊन. दोस्ताची अख्खी फौज कुठं आहे हे नकाशा सांगत नाही, ते हरकारा सांगतो. आणि हरकारा मेला की राजाही आंधळा आणि लॉर्डही आंधळा. पानिपतावर भाऊसाहेबांचं याहून फार वेगळं काय झालं होतं? दक्षिणेकडची वाट तुटली, पत्रं थांबली, रसद थांबली. नकाशा असता म्हणून पत्रं पोचली असती का?

असईची लढाई तर सगळ्यांना माहीत आहे. २३ सप्टेंबर १८०३, शतकाला तीन वर्षं चिकटवतोय, चालवून घ्या. इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटत होतं शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनला आहे, ती निघाली अलीकडंच, खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधे. नदीला उतार कुठं? वाटाडे म्हणाले इथं उतार नाही. यानं दुर्बिणीतून पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं, आणि म्हणाला की इतकी जवळ गावं वसलीत म्हणजे येजा करायला उतार असणारच. होता. लढाई जिंकली, जवळजवळ तिसरा हिस्सा माणसं मारून किंवा जखमी करून घेऊन जिंकली. हे जे त्यानं केलं ते आपल्याकडचा कुठलाही गुराखी रोज करतो, गाव बघून पाण्याचा अंदाज घेणं. असईचे देखणे नकाशे आज सगळीकडं मिळतात, सगळे नंतरचे.

आता कुणी म्हणेल की मग नकाशाला एवढं महत्त्व दिलंच कशाला त्यांनी, एवढा पैसा कशाला ओतला? हाच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायला हवा होता, आणि कुणी विचारत नाही. तारखा लावून बघा. कलोडनला स्कॉटिश बंड चिरडलं १७४६ मध्ये, रॉयचा नकाशा सुरू १७४७ला. फ्रेंचांचं क्वेबेक पडलं १७५९, माँट्रियल १७६०, आणि लगेच जनरल मरेनं सेंट लॉरेन्स नदीच्या काठाचा प्रचंड हस्तलिखित नकाशा करायला घेतला. त्या नकाशावर गावागावापाशी लिहिलंय कुटुंबं किती आणि हत्यार उचलू शकतील असे पुरुष किती. हा लढाईचा नकाशा म्हणायचा? लढाई तर जिंकून झाली होती. उद्या हे उठले तर किती उठतील, कुठून उठतील, त्याची ही पाटीलकी. बंगालात प्लासी १७५७, बक्सर १७६४, आणि त्याच १७६४पासून कंपनीचा सर्व्हेअर रेनेल बंगालच्या नद्या-रस्ते मोजायला लागला, १७७७पर्यंत मोजत राहिला, मधे १७६६ला लढाऊ संन्याशांच्या तलवारीनं मरता मरता वाचला. मोजणारा हत्यारबंद संरक्षणात फिरत होता आणि तरी त्याला वार बसले. मुलूख ताब्यात आल्याशिवाय चाक ढकलता येत नाही हो. श्रीरंगपट्टण पडलं १७९९, मग लगेच मॅकेंझीचा म्हैसूरचा सर्व्हे. दर वेळी आधी तोफ, मागून मोजणीची साखळी.

गावात जन्मलेल्या माणसाला गावाचा नकाशा लागत नाही, तो परक्याला लागतो. साधी गोष्ट आहे. यावर खणखणीत उलट प्रश्न येतो आणि तो आलाच पाहिजे, की मराठे अटकेपर्यंत गेले, बंगालवर वर्षानुवर्षं स्वाऱ्या केल्या, तिथं तेही परकेच होते की! होतेच. आणि तिथं त्यांनी नकाशाच्या जागी माणसं वापरली, वकील, सावकार, जासूद, वाटाडे, देवस्थानांचे पंडे, दरबारी बातमीदार. हे जाळं कागदापेक्षा ताजं असतं, त्याला कोण कुणाशी फितलंय हेही कळतं, जे कुठल्याही सर्व्हेला कळत नाही. नाना फडणवीसांना हिंदुस्थानभरची खबर होती ती याच जाळ्यातून. मग अडलं कुठं?

अडलं ते इथं, की जाळ्याच्या मधोमध माणूस बसलेला असतो. महादजी फेब्रुवारी १७९४ला गेले, नाना मार्च १८०० मध्ये. त्यांच्याबरोबर काय काय गेलं? कुठला वकील खरं लिहितो आणि कुठला फुगवून, कुठल्या सावकाराची हुंडी कुठं चालते, कुठल्या घाटात कुणाची माणसं, हे डोक्यात होतं, आणि डोकं वारशानं येत नाही. उलट रेनेल १७७७ला विलायतेला निघून गेला तर त्याचं काम थांबलं नाही, १७८२ला त्याचा हिंदुस्थानचा नकाशा निघाला, दुसऱ्यांनी चुका काढल्या, नव्या वाटा घातल्या, परत सुधारून काढला. मकेलर १७५६ मध्ये फ्रेंचांच्या कैदेत पडला, क्वेबेकला नेला, सुटून आल्यावर त्यानं तिथल्या तटबंदीची माहिती कागदावर दिली, ती १७५९ला क्वेबेकवर गेलेला इंग्रज सेनापती वुल्फच्या कामी आली. हा तो विजयदुर्गचा धागा. बघणारा एक, वापरणारा दुसरा, आणि दोघांची भेट झाली नाही तरी चालतं. चुकीचा कागदसुद्धा पुढच्याला दुरुस्त करता येतो. मेलेल्या माणसाचं बरोबर ज्ञान कुणाला दुरुस्तही करता येत नाही.

"म्हणजे आपल्याकडं लिहायची सवय नव्हती" असं म्हणून परत मार्कशीटवर येऊ नका. उलट! पुण्यातलं पेशवे दफ्तर बघा, मोडीचे रुमालच्या रुमाल, कोट्यवधी कागद. गावाचा वसूल किती, देवळाला तेल किती, घोडा कुणाचा मेला, त्याची भरपाई किती, सगळं आहे. पण ते सगळं पैशाच्या आणि माणसाच्या रांगेनं लावलेलं, जागेच्या रांगेनं नाही. एका गावाचा इतिहास त्यातून काढता येतो, पण शंभर गावं एका कागदावर शेजारी शेजारी बसलेली दिसत नाहीत, कारण ते बघायची गरज पडणारा माणूस त्या दफ्तरात नव्हता. तो माणूस १८१८ला आला. आणि त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर हेच दफ्तर ताब्यात घेतलं, कारण वसूल त्यातच होता.

आता चोरीवाल्यांकडं. त्यांच्या म्हणण्यात मोठं तथ्य आहे, ते मी अजिबात झटकत नाही. रेनेलच्या नकाशामागं देशी माणसं उभी आहेत आणि ते तो स्वतःच लिहितो. बंगालपासून दख्खनपर्यंतच्या वाटा बघायला १७७४ला पाठवलेला गुलाम महंमद नावाचा शिपायांमधला अधिकारी, गुजरातचा नकाशा काढणारा सदानंद नावाचा ब्राह्मण, ज्याच्या बुद्धीचं रेनेल मनापासून कौतुक करतो. आणि त्याच रेनेलच्या हिंदुस्थानच्या नकाशावर कोपऱ्यात जे चित्र छापलंय त्यात पंडित लोक आपली शास्त्रं नम्रपणे ब्रिटानियाच्या, म्हणजे देवीच्या रूपातल्या ब्रिटनच्या, हवाली करतायत, तिनं सांभाळावीत म्हणून! इतकं उघडं चित्र क्वचित सापडतं. तेव्हा घेतलं, हे खरं. पण "चोरलं" म्हटलं की वाटतं आपल्याकडचा पूर्ण झालेला नकाशा कुणी उचलून नेला. तसं झालं नाही. शंभर जणांकडं शंभर तुकडे होते, वाटाड्याकडं वाट, नावाड्याकडं पाणी, सदानंदाकडं गुजरात, आणि ते एकत्र करायला पगार देणारं कुणीतरी कलकत्त्यात आणि लंडनमध्ये बसलं होतं, पुण्यात नव्हतं. सदानंदाला पुण्यातून कुणी विचारलं असतं तर त्यानं काय नाही म्हटलं असतं? ते नकाशे परत आणा अशी मागणी अधूनमधून होते, आणा की, माझी काही हरकत नाही, पण दफ्तरातल्या मोडी कागदांवरची गावं एका नकाशावर लावायचं काम त्यासाठी थांबायची गरज नाही, ते कागद इथंच आहेत आणि मोडी वाचणारे दरवर्षी कमी होतायत.

मला हे सगळं एवढं लागतं त्याला घरचं कारण आहे. आमचे थोरले चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, त्यांना आमचं रान असं पाठ होतं की रात्री बॅटरीशिवाय हिंडायचे. बांध कुठून कुठं, ओढ्यानं कुठल्या साली किती खाल्लं, कुठला दगड मूळचा आणि कुठला नंतर कुणी सरकवलेला, सगळं. लहानपणी मला बांधावरून चालवत न्यायचे आणि म्हणायचे, "जांभळापत्तुर आपलं, ध्यानात ठेव." मी ठेवलं, पण दगडांचं नाही ठेवलं, ओढ्याचं नाही ठेवलं. ते गेले, भावकीत कुरबूर सुरू झाली, शेवटी मोजणी आणली. मोजणीदार गट नकाशा घेऊन आला, जुनाट कागदाची नक्कल, रेघा जाड, आमचा ओढा त्यात आता वाहतो तिथं नाहीच. त्यानं माप धरलं आणि हद्दीची खूण जांभळाच्या बरीच अलीकडं, आमच्या ज्वारीत पडली. मी म्हटलं, साहेब, तात्या कायम सांगायचे, जांभळापर्यंत आमचं आहे.

त्यानं वर बघितलं, घाम पुसला, अगदी साध्या आवाजात विचारलं, "कागद आहे का?"